जबड्याचं ऑपरेशन, तोंडातले जिवाणू आणि लहान मुलांचा ब्रश

वरचा जबडा सरकवायचा असो (ल फोर्ट १) किंवा खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून पुढे-मागे करायचा असो (बीएसएसओ), चेहऱ्यावर सहसा मोठी चीर पडत नाही. चीर ओठाच्या आणि गालाच्या आतून घेतात, हाड कापून नव्या जागी बसवतात आणि टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा व स्क्रू लावून घट्ट करतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही, पण जखम दिवसरात्र लाळेत बुडून राहते. एक मिलिलिटर लाळेत साधारण दहा कोटी जिवाणू असतात, त्यामुळे ही जागा निर्जंतुक करण्याचा विचार सोडलेला बरा. तरी बहुतेक जखमा बिनबोभाट भरतात, कारण तोंडाला रक्तपुरवठा भरपूर असतो.

त्रास देतात ते मुख्यतः दाताला चिकटून बसलेले जिवाणू. ब्रश केल्यावर काही मिनिटांतच दातावर लाळेतल्या प्रथिनांचा पापुद्रा चढतो. त्यावर आधी स्ट्रेप्टोकॉकस गटातले जिवाणू येऊन बसतात. थर जाड झाला की तळाशी प्राणवायू पोचेनासा होतो आणि हिरड्या बिघडवणाऱ्या जातींचं फावतं. १९६५ साली दंतसंशोधक हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या.

ऑपरेशननंतरचे पहिले तीन आठवडे म्हणजे जवळपास हाच प्रयोग, आणि तोही जास्त कठीण परिस्थितीत. दातांवर तारा असतात, जबड्याला रबर बँड असतात, तोंड धड उघडत नाही, खाणं पातळ आणि बरेचदा गोड. त्यात खालचा ओठ आणि हनुवटी बधिर, म्हणजे अन्न अडकलं तरी कळत नाही. म्हणून आरसा हवाच.

सर्जनने परवानगी दिली की लहान मुलांचा, मऊ केसांचा, छोट्या डोक्याचा ब्रश घ्यावा आणि कोमट पाण्यात बुडवून आणखी मऊ करावा. आधी ओठांना व्हॅसलीन लावावं, नाहीतर कोपरे फाटतात. एका बोटाने गाल हलकेच बाजूला करावा, टाके ताणले जाणार नाहीत इतपतच. ब्रशची पाठ गालाकडे, केस दाताकडे. खालच्या दातांवर हिरडीकडून वर आणि वरच्या दातांवर हिरडीकडून खाली घासायचं. टाके गालाच्या खळग्यात असल्यामुळे असा ब्रश त्यांच्यापासून दूर जातो. तारेच्या वरची आणि खालची कड वेगवेगळी घासावी, कारण थर नेमका तिथेच धरतो. जिभेकडची बाजू रबर काढायची मुभा मिळेपर्यंत राहिली तरी चालते. तिथलं काम जीभ बऱ्यापैकी करते.

दर खाण्यानंतर कपभर, म्हणजे साधारण २४० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरावी. खळखळून नाही, मान एकेका बाजूला कलती करून पाणी फिरवायचं आणि बेसिनमध्ये नुसतं सोडून द्यायचं. सिरिंज वापरत असाल तर धार दातांवर असू द्या, टाक्यांवर नको.

क्लोरहेक्सिडिनवर, म्हणजे चूळ भरायच्या जंतुनाशक औषधावर, लोकांचा जरा जास्तच भरवसा असतो. ०.१२ टक्क्याचं १५ मिली किंवा ०.२ टक्क्याचं १० मिली, दिवसातून दोनदा, अर्धा ते एक मिनिट, हे नेहमीचं प्रमाण. ते दातांना आणि आतल्या त्वचेला चिकटून तासन्‌तास काम करतं, म्हणून उपयोगी. मात्र आधीच जमलेल्या जाड थराच्या आत ते फारसं शिरत नाही. शिवाय टूथपेस्टमधलं फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट त्याला निकामी करतं, तेव्हा दोन्हींत किमान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. फार दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, चव जाते आणि नायट्रेटचं नायट्राइट करणारे उपयोगी जिवाणूही मरतात. ब्रश नीट चालेपर्यंतची ती तात्पुरती सोय आहे, बस.

अँटिबायोटिकचा पहिला डोस चीर घेण्याआधीच्या तासाभरात द्यायचा असतो. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा) औषध ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर फार तर एक दिवस देण्यापेक्षा एका दिवसाहून जास्त चालू ठेवल्यास संसर्ग कमी होतो.

याच औषधांमुळे, ऑपरेशननंतर तोंडातले जिवाणू कसे बदलतात यावरचं संशोधन जपून वाचावं लागतं. ऑपरेशनआधी आणि नंतर लाळेचे नमुने घेतले, जिवाणूंची वस्ती बदललेली दिसली, तर तो बदल कशाचा? शस्त्रक्रियेचा, अँटिबायोटिकचा, चुळीचा, पातळ आहाराचा की न घासलेल्या दातांचा? तारा आहेत पण ऑपरेशन नाही, असा तुलनेचा गट नसेल तर उत्तर निघत नाही. डीएनएवरून जिवाणूंच्या जाती ओळखणारी १६ एस चाचणी मेलेल्या जिवाणूंचा डीएनएसुद्धा मोजते आणि आकडे टक्केवारीत देते. एक जात घटली की दुसरी वाढल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती तेवढीच असली तरी. नमुना कधी घेतला, त्याआधी किती वेळ खाणं-पिणं-घासणं बंद होतं, आणि तो लगेच गोठवला का, हे पद्धतीच्या भागात लिहिलेलं नसेल तर मी निष्कर्षापर्यंत जातच नाही.

नेहमीची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरू लागते. उतरलेली सूज एकाच बाजूला पुन्हा चढली, तोंडात खारट-घाण चव आली, टाक्यांतून पू आला किंवा ताप भरला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता सर्जनला फोन करा. असं बरेचदा खालच्या जबड्याच्या मागच्या भागात होतं, कारण लाळ आणि अन्न तिथे साचतं. स्क्रू सैल असेल तर त्यावर बसलेला जिवाणूंचा थर नुसत्या गोळ्यांनी जात नाही. अशा वेळी हाड जुळेपर्यंतचे सहा-आठ आठवडे सर्जन शक्यतो जखम धुऊन आणि औषधांवर निभावून नेतात. त्यानंतर प्लेट काढली तरी जबडा जागचा हलत नाही.