तुम्ही विचारलंत म्हणून: गाठ लहान, तरी ऑपरेशनला नकार का?

लिव्हरमध्ये 3 सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ, आणि सर्जन म्हणतात कापता येणार नाही. दुसऱ्या कुणाची 9 सेंटिमीटरची मात्र काढली. असं कसं, हे नातेवाईक हमखास विचारतात.

कारण काय काढायचं यापेक्षा मागे काय उरणार, हा हिशेब मोठा. लिव्हर निरोगी असेल तर 20 ते 25 टक्के उरलं तरी भागतं. सिरॉसिस, म्हणजे जुन्या आजाराने लिव्हर व्रण पडून कडक झालेलं असेल, तर निदान 40 टक्के लागतं. हे सीटी स्कॅनवर मोजताना गाठीचं आकारमान एकूणातून वजा करतात, कारण गाठ लिव्हरचं काम करत नसते. म्हणून कडेची मोठी गाठ काढताना कामाचं लिव्हर थोडंच जातं. उलट छोटी गाठ उजव्या पोर्टल शिरेच्या (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेची उजवी फांदी) मुळाजवळ खोल बसली असेल, तर अख्खी उजवी बाजू, म्हणजे साठेक टक्के लिव्हर, काढावी लागते. सिरॉसिसमध्ये ते झेपत नाही.

उरणारा भाग कमी पडत असेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शिर आधी बंद करतात. रक्त दुसरीकडे वळतं, ती बाजू वाढते. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. वाढलीच नाही, तर ऑपरेशननंतरही ती वाढण्याची आशा कमीच.

नुसत्या मापावर मात्र जाऊ नये. बिलिरुबिन (काविळीचं रंगद्रव्य), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा), पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम यांवरून लिव्हर किती काम करतंय याचे, चाइल्ड-प्यू पद्धतीचे, 5 ते 15 गुण देतात. 5 किंवा 6 म्हणजे 'ए' गट. मोठं ऑपरेशन साधारण त्यातच. पण 'ए' असूनही प्लेटलेट एक लाखाखाली आणि प्लीहा वाढलेली असेल, तर पोर्टल शिरेतला दाब वाढल्याची शंका घ्यावी. असा पेशंट ऑपरेशन सोसतो आणि नंतर पोटात पाणी साठून, कावीळ वाढून खचतो. पाचव्या दिवशी बिलिरुबिन 3 च्या वर आणि आयएनआर 1.7 च्या वर, दोन्ही एकदम असतील तर जिवाला धोका आहे असं समजतात.

'पूर्ण निघाली ना?' याचं उत्तर 'हो' असलं तरी पाच वर्षांत निम्म्याहून अधिक जणांना कॅन्सर पुन्हा होतो. पहिल्या दोन वर्षांत झाला तर बहुधा जुन्याच गाठीच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांतून आधीच पसरलेल्या असतात. ते पक्कं कळतं काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच. त्यानंतरची गाठ बहुतेकदा नवी, त्याच आजारी लिव्हरमध्ये उगवलेली. म्हणून हेपटायटिस बी असेल तर त्याची गोळी थांबवायची नाही, दारू शून्य, आणि पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन व एएफपी (लिव्हर कॅन्सरची रक्तातली खूण) तपासणी.

मग त्या 3 सेंटिमीटरवाल्याचं काय? सुईने गाठ जाळणं एरवी चांगला पर्याय. पण मोठ्या शिरेजवळ वाहतं रक्त उष्णता पळवतं आणि कडेच्या पेशी वाचतात. तिथे प्रत्यारोपणाचा विचार आधी करावा, त्यात गाठ आणि सिरॉसिस दोन्ही जातात. प्रत्यारोपण कुणाला करावं याचा 1996 पासूनचा मिलान निकष असा: 5 सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ, किंवा प्रत्येकी 3 पर्यंतच्या जास्तीत जास्त तीन, आणि कॅन्सर मोठ्या शिरेत किंवा लिव्हरबाहेर गेलेला नसावा. लिव्हर मिळेपर्यंत गाठ वाढू नये म्हणून तिला रक्त पुरवणाऱ्या धमनीतून औषध सोडून ती धमनी बंद करतात.