आठ चौकोनांचं मैदान

खलघाटला नर्मदेचा पूल आला तेव्हा जेमतेम उजाडायला लागलं होतं. स्लीपर बसमध्ये सगळे गाढ झोपेत होते. मी पडदा सरकवून नदीला नमस्कार केला. एसी बसची काच उघडत नाही, त्यामुळे नाणं टाकायचं राहिलं. लहानपणी आईबरोबर एसटीने यायचो तेव्हा पुलाच्या बरंच आधीपासून तिच्या मुठीत सुटी नाणी घामेजून गेलेली असायची. नदी ओलांडली की आजोळ सुरू, हे गणित तेव्हापासूनचं. पुढे मानपूरचा घाट, महू, राऊ, की आलंच इंदूर.

यंदा मी लग्नकार्याला किंवा सुट्टीला चालले नव्हते. तारीख होती १८ मे २०२४, शनिवार. दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या रात्री साडेआठला लंडनमध्ये आर्सेनल या फुटबॉल संघाची हंगामातली शेवटची मॅच होती आणि ती मला मामाला सांगायची होती. दाखवायची नव्हे, सांगायची.

मामाच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेल्या तीन वर्षांत निकामी होत गेला आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. टीव्हीसमोर बसला की मैदानाचा हिरवा रंग जाणवतो, प्रेक्षकांचा लाल पट्टा जाणवतो, पण नजर जिथे लावावी तिथेच धुरकट गोळा. म्हणजे चेंडू सोडून सगळं दिसतं. आधी तो इंग्रजी समालोचनावर भागवायचा. पण टीव्हीवरचे समालोचक समोरच्याला चित्र दिसतंय असं धरूनच बोलतात. चेंडू कुठे आहे हे कुणी सांगतच नाही. रेडिओवाल्यांना ते सांगावंच लागतं.

आणि मामा रेडिओचा माणूस. जेल रोडवर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. बुश, मर्फी, फिलिप्स, कुठलाही सेट दुरुस्त झाला की तो संध्याकाळी शॉर्टवेव्हवर बीबीसी लावून बघायचा. लंडन स्वच्छ लागलं तरच सेट गिऱ्हाइकाच्या हातात. आर्सेनल त्याच्या आयुष्यात आलं ते असं, एका दुसऱ्याच्या रेडिओतून. १२ मे १९७९, एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेची फायनल, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. दुरुस्तीला आलेला मर्फी चालतोय का ते बघायला त्याने काटा फिरवला, आणि मॅच संपेपर्यंत तो सेट बंद केला नाही. आर्सेनल मँचेस्टर युनायटेडविरुद्ध २-० ने पुढे होतं. शेवटच्या पाच मिनिटांत युनायटेडने दोन गोल करून बरोबरी केली आणि लगेच, ८९ व्या मिनिटाला, ॲलन संडरलंडने तिसरा मारला. ३-२. ‘‘गिऱ्हाईक दारात उभं होतं,’’ मामा सांगतो, ‘‘मी त्याला म्हटलं, बसा, अजून टेस्टिंग चालू आहे.’’

संडरलंड दिसायला कसा, जर्सी कुठल्या लाल रंगाची, आर्सेनलचं तेव्हाचं हायबरीचं मैदान केवढं, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्या संघातल्या खेळाडूचा चालता-धावता चेहरा त्याने पहिल्यांदा पाहिला तो १९८६ च्या विश्वचषकात. इंग्लंड-अर्जेंटिना, रात्री उशिराची मॅच. वाड्यातल्या एकुलत्या एका टीव्हीभोवती जमलेली सगळी माणसं मॅराडोनाकडे बघत होती आणि मामा इंग्लंडच्या तीन नंबरकडे. तो केनी सॅन्सम, आर्सेनलचा लेफ्ट बॅक. सात वर्षं नुसती नावं ऐकलेल्या संघातला एक माणूस त्याच्यासमोर धावत होता. मॅराडोनाचा तो जगप्रसिद्ध दुसरा गोल आपण नीट पाहिलाच नाही, असं तो अजूनही शांतपणे सांगतो.

माझ्या आजोबांचा संघ वेगळा होता. होळकरांचा. सी. के. नायडू, मुश्ताक अली यांचा तो क्रिकेट संघ, चार वेळा रणजी करंडक जिंकलेला. १९५४-५५ ची फायनल तो इथेच इंदुरात मद्रासकडून हरला आणि त्या नावाने पुन्हा रणजीत उतरलाच नाही. राज्यं विलीन झाली, संघांची नावं बदलली. आजोबा पुढे मध्य प्रदेशच्या मॅचेस ऐकायचे, पण ‘‘आपण’’ हा शब्द त्यांनी पुन्हा कुठल्या संघासाठी वापरला नाही. मामा एवढ्या लांबच्या संघाला ‘‘आपण’’ म्हणायला लागला तेव्हा आजी चिडायची आणि आजोबा मात्र काहीच बोलायचे नाहीत. मला वाटतं, घरात पुन्हा एक ‘‘आपण’’ आला याचं त्यांना बरं वाटत असावं.

आर्सेनल म्हणजे काय, हे मला मामानेच शिकवलं, तेही आपल्या भाषेत. ‘‘जबलपूरला गन कॅरेज फॅक्टरी आहे ना, तसा लंडनजवळ वुलिचला तोफांचा, दारूगोळ्याचा कारखाना होता. तिथल्या कामगारांनी १८८६ मध्ये काढलेला हा संघ. म्हणून छातीवर तोफ.’’ मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. त्या दिवसापासून मीही ‘‘आपण’’ म्हणते.

बस इंदुरात पोचली तेव्हा मामा-मामी उतरायच्या जागी उभे होते. रिक्षात बसण्याआधी कोपऱ्यावर पोहे. पुण्याच्या पोह्यांशी माझं भांडण नाही, पण वाफेवर ठेवलेले मऊ पोहे, वर मूठभर शेव, चिमूटभर जिरावण मसाला आणि बाजूला गरम जिलबी, यासाठी रात्रभर बसमध्ये अंग आखडून घेणं मला मंजूर आहे. मामाने पहिला घास घ्यायच्या आधी विचारलं, ‘‘साका खेळून राहिलाय का उद्या?’’

नाही, आपला हा हुकमी खेळाडू जखमी होता. मामा गप्प झाला.

हिशेब साधा होता. लीगमध्ये मँचेस्टर सिटीचे ८८ गुण, आपले ८६. आपण एव्हर्टनला हरवायचं आणि तिकडे वेस्ट हॅमने सिटीला किमान बरोबरीत तरी रोखायचं. तेवढं झालं असतं तर गुण फार तर सारखे आणि गोलफरकावर (मारलेले वजा खाल्लेले गोल) लीगचं अजिंक्यपद आपलं, २००४ नंतर पहिल्यांदा. त्याआधीच्या मंगळवारी सिटीची टॉटनहॅमशी मॅच होती. टॉटनहॅम म्हणजे आपले लंडनमधले जुने वैरी, ४५ वर्षांत त्यांनी गोल मारावा असं मामाला कधी वाटलं नव्हतं. त्या रात्री मी पुण्याहून फोनवर त्याला मॅच सांगत होते. शेवटाकडे टॉटनहॅमचा सॉन एकटाच सिटीच्या गोलकीपरसमोर, ओर्तेगासमोर गेला आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मामाने फोनवर विचारलं, ‘‘गेला का?’’ गेला नव्हता, ओर्तेगाने पायाने अडवला. सिटी २-० जिंकली. तो फोन ठेवला आणि मी बसचं तिकीट काढलं. शेवटचा दिवस फोनवरून सांगायचा नव्हता.

रामबागेतल्या घरी पोचल्यावर मामाने कपाटातून एक प्लायवुडची फळी काढली. साधारण पाटाएवढी. तिच्यावर एरियलची तांब्याची तार चिकटवून आठ चौकोन केले होते, दोन-दोनच्या चार ओळी. ‘‘हात लाव,’’ म्हणाला. मी डोळे मिटून बोट फिरवलं. तार बोटाला बरोबर लागत होती.

ही कल्पना त्याची नाही, असं त्याने लगेच सांगितलं. इंग्लंडमधल्या लीगच्या सामन्याचं रेडिओवरचं पहिलं धावतं समालोचन बीबीसीने २२ जानेवारी १९२७ ला केलं, आणि ती मॅच होती आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड, हायबरीवरची. १-१ अशी सुटली. ऐकणाऱ्याला मैदान कळावं म्हणून ‘रेडिओ टाइम्स’मध्ये त्याचा नकाशा छापला होता, आठ चौकोनांत वाटलेला. एक जण खेळ सांगायचा आणि दुसरा मधूनमधून चेंडू असलेल्या चौकोनाचा आकडा. मामाने हे कधीतरी बीबीसीवरच ऐकलं होतं. तेव्हा गंमत म्हणून लक्षात राहिलं, आता उपयोगी आलं.

आकडे मात्र त्याचे स्वतःचे. एक-दोन आपल्या गोलकडचे, सात-आठ त्यांच्या. डावीकडे विषम, उजवीकडे सम. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या तरी फळी फिरवायची नाही, आपण कायम आठकडेच जाणार. शनिवारी दुपारी बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कूलर घरघरत होता, आणि मी जुन्या मॅचच्या क्लिप लावून सराव करत होते. मामाने मला बऱ्याच ठिकाणी थांबवलं. ‘‘ ‘वा, काय पास!’ असं म्हणू नको. कुठून कुठे ते आधी सांग. वा मी म्हणेन.’’ ‘‘खेळाडूचं नाव आधी, मग क्रियापद.’’ ‘‘चेंडू बाहेर गेला की श्वास घे, तेव्हा मला मैदानाचा आवाज ऐकू दे.’’ संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. मामीने ज्येष्ठमध दिला.

रविवारी संध्याकाळी राजवाड्यापर्यंत चालत गेलो. खाली दगडी तीन मजले, वर लाकडी चार. मामाला दगडाचं काळेपण दिसत नाही पण सावलीत शिरलो की त्याला कळतं. माळव्यात दिवस कितीही तापला तरी सूर्य कलला की वारा सुटतो. त्या वाऱ्यात चौकात उभं राहून आम्ही १५ मे २००४ ची गोष्ट काढली. मी चौदा वर्षांची होते, सुट्टीत इथेच आले होते. लीग आधीच जिंकलेली, पण लेस्टरशी शेवटची मॅच न हरण्याला महत्त्व होतं. पहिला गोल लेस्टरचा! मग आपल्या ऑन्रीची पेनल्टी आणि व्हिएराचा दुसरा. ३८ सामने, २६ जिंकले, १२ बरोबरीत, हरलेला एकही नाही. त्या रात्री मामाला सगळं दिसत होतं आणि मला ऑफसाइड नीट कळत नव्हतं. तो मला सांगत होता.

साडेआठला मी टीव्हीचा आवाज अर्धा केला. मामाची तर्जनी फळीच्या बरोबर मध्यावर. माझ्या मांडीवर फोन, त्यावर सिटीची मॅच.

दुसऱ्याच मिनिटाला फोनवर सिटीच्या फोडनचा गोल दिसला. मी ठरवलं, हे आत्ता सांगायचं नाही. ‘‘राइस, तीन. राइसकडून ओडेगार्ड, सहा.’’ मामाचं बोट सहावर गेलं आणि थांबलं. ‘‘तिकडे गोल झाला ना?’’ मी काही बोलले नाही. ‘‘तुझा आवाज पडला. आयुष्यभर आवाजावरूनच बिघाड शोधला मी.’’ अठराव्या मिनिटाला फोडनने दुसरा मारला तो मी सरळ सांगून टाकला.

चाळिसाव्या मिनिटाला एव्हर्टनची फ्री किक. आपल्या गोलसमोर, एक आणि दोनच्या मधल्या तारेजवळ. गेयेने मारली, भिंतीतल्या राइसला लागून चेंडू वळला आणि आत. माझ्या तोंडून फक्त ‘‘आत’’ एवढंच निघालं. मामाने बोट तारेवरून उचललं नाही.

पण पुढची तीन-चार मिनिटं! फोनवर वेस्ट हॅमच्या कुदुसने पाठमोरी उडी घेऊन कात्रीसारखी किक मारली, २-१. तेवढ्यात टीव्हीवर ओडेगार्डने चेंडू मागे दिला आणि तोमियासूने गोल केला. मला दोन्हीकडचं एकदम सांगायचं होतं आणि तोंड एकच. मी ‘‘कुदुस! तोमियासू! सात! तिकडेपण!’’ असं काहीतरी ओरडले. मामी स्वयंपाकघरातून धावत आली. मामाला सगळं समजलं होतं. त्याचा हात फळीवर सपाट पडला होता आणि तो हसत होता.

हाफटाइमला कुणीच फारसं बोललं नाही. मामीने पन्हं आणलं.

५९ व्या मिनिटाला सिटीच्या रॉड्रीने तिसरा गोल केला आणि तिकडचं जवळजवळ संपलं. मी सांगत राहिले. घसा चिरका झाला होता, तरी आकडा चुकवायचा नाही एवढंच धरून ठेवलं होतं. पाच, सहा, सहा, आठ, परत सहा. ८९ व्या मिनिटाला हावर्ट्झने मारला. २-१, आपण जिंकलो. सिटी ३-१ जिंकली. त्यांचे ९१, आपले ८९. दोघांचे विजय २८ आणि गोलफरकही सारखाच, ६२. दोन गुणांनी गेलं.

मैदानावरून कुणी उठत नव्हतं. आपला प्रशिक्षक अर्तेता मायक्रोफोन घेऊन बोलायला आला. ते भाषण मी मामाला सांगितलं नाही. तो म्हणाला, ‘‘राहू दे. प्रेक्षकांचा आवाज वाढव.’’ मी आवाज पूर्ण मोठा केला. साठ हजार माणसं रामबागेतल्या त्या खोलीत गात होती.

अकराच्या सुमारास आम्ही तिघं सराफ्यात गेलो. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री त्यांच्याच पायऱ्यांवर कढया. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारा हात, भुट्ट्याच्या किसाचा दुधाळ वास, आणि एवढी गर्दी की मामाचा दंड मी घट्ट धरला होता. एका बंद दुकानाच्या पायरीवर जागा मिळाली. मामाने कीस संपवला, कागदी द्रोण खाली ठेवला आणि मांडीवर बोटाने आठ चौकोन आखले.

‘‘शेवटचा गोल परत सांग. तेव्हा तू घाई केलीस.’’

‘‘जिझूसने चेंडू हिसकावला,’’ मी म्हटलं.

‘‘कुठे?’’

‘‘आठमध्ये. हाताला लागला का म्हणून नंतर तपासणी झाली ती तिथलीच. मग ओडेगार्ड, मग गोलच्या तोंडाशी हावर्ट्झ.’’

त्याचं बोट आठवरून सरकत मधल्या रेघेवर आलं. शेजारी बसलेला एक मुलगा खायचं थांबवून त्या बोटाकडे बघत होता.

‘‘वा,’’ मामा म्हणाला. ‘‘आता परत एकदा. त्याच्या आधीपासून, सहापासून सांग.’’