माणशी पंधराशे

गुहागरला वरच्या पाटात माझ्या मित्राचं घर आहे. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीचं लांबट आगर आणि आगर संपलं की समुद्र. चार वर्षांपूर्वी त्याने मागे तीन खोल्या काढल्या, 'निवास व न्याहारी' योजनेत नाव नोंदवलं, आणि तेव्हापासून माझं तिकडे जाणं अवघड होऊन बसलं.

आधी बरं होतं. पिशवी उचलायची, कुंभार्ली घाट उतरायचा. आता मे महिन्यात मी गेलो की त्याची एक खोली अडते. पावसाळ्यात चार महिने तिकडे कुत्रं फिरकत नाही. त्याची वर्षाची कमाई दिवाळी, नाताळ आणि मे. म्हणून या वेळी फोनवरच सांगितलं, "चौघं येतोय, तीन रात्री. पैसे घेणार असशील तर."

"घरच्यांकडून पैसे घेतात होय रे? आई मला घरात घेणार नाही."

"मग शेजारी उतरतो."

हे लागू पडलं. त्याच्या मित्राने शेजारी उतरायचं म्हणजे गावात शोभाच!

माझ्या आग्रहात औदार्य वगैरे काही नाही. फुकट राहणाऱ्याला दुसरी बादली गरम पाणी मागता येत नाही. पंखा करकरतो हे सांगता येत नाही. बायको लसूण सोलायला बसते आणि मी उगाच केळीची पानं पुसत राहतो.

पैसे ठरवूनही लसूण सोललाच म्हणा. पण पंख्याचं सांगितलं. काकूंनी बरक्या फणसाची सांदणं केली, ती फक्त आमच्या पानात पडली. समोरच्या पंगतीतल्या ठाणेकर गृहस्थांनी ती पाहिली आणि मी मान खाली घालून खाल्ली.

निघताना पाकीट पुढे केलं. आता नको-नको, घे-घे चालेल, या तयारीने मी उभा. काकूंनी चष्मा लावला, नोटा मोजल्या, "पोरांचे अर्धे, साडेतेरा हजार, बरोबर" म्हणाल्या आणि वहीत लिहिलं: 'पुणे, ४ माणसं.'

चिपळूण येईपर्यंत मी गप्प होतो. निदान पाचशे तरी परत करतील, असं कुठेतरी वाटलं होतं.

परवा पुढच्या मेसाठी दोन हजार आगाऊ पाठवले. लगेच उत्तर आलं: "मिळाले. पंखा बदललाय."