सुरुवातीचा सूर खालून घ्या

‘जॉय टू द वर्ल्ड’ या कॅरलची, म्हणजे नाताळगीताची, पहिली ओळ सरगममध्ये लिहून पाहा: सां नी ध प म ग रे सा. आठ अक्षरं, आठ स्वर. अख्खं सप्तक वरून खाली येतं, मधला एकही स्वर गाळलेला नाही, आणि ‘प्रभू आला’ या अर्थाचे शब्द संपतात तेव्हा ‘कम’ बरोबर खालच्या ‘सा’वर टेकतो. देव वरून माणसात उतरला, हेच नाताळचं सांगणं. इथे ते अर्थ सांगण्याआधी गळ्यातून जातं. आइझॅक वॉट्स यांनी बायबलमधल्या ९८व्या स्तोत्रावरून हे शब्द १७१९ मध्ये लिहिले आणि आजची चाल त्यांना १९व्या शतकात जडली, त्यामुळे ही उतरण शब्द लिहिणाऱ्याच्या मनात होती असं म्हणता येत नाही. या गीतात गोठा, मेंढपाळ, तारा यांतलं काहीच नाही, हेही गाताना सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

याच ओळीत गाणाऱ्यांची फजितीही ठरलेली असते. सुरुवातच तार ‘सा’वर असल्यामुळे उत्साहात कोणीतरी तो स्वर फार वर धरतो. मग पुढे चाल पुन्हा त्याच ‘सा’वर चढते, तेव्हा निम्मी मंडळी किंचाळतात आणि उरलेली गप्प होतात. उपाय सोपा आहे. म्होरक्याने आधी खालचा ‘सा’ गुणगुणून पक्का करावा, तिथून वरचा शोधावा आणि मगच सगळ्यांना सूर द्यावा. हार्मोनियमची पांढरी दोन ही पट्टी बहुतेकांना पेलते. ती जड गेली तर पांढरी एक.

‘सायलेंट नाइट’चं बरोबर उलटं. ते ‘प’वर इतकं निवांत सुरू होतं की धोका जाणवतच नाही. पण शेवटून दुसऱ्या ओळीत चाल तार सप्तकातल्या ‘म’पर्यंत जाते आणि पुढच्याच ओळीत थेट खालच्या ‘सा’वर येऊन थांबते. अकरा स्वरांचा हा पल्ला न शिकलेल्या गळ्याला मोठाच आहे. म्हणून पट्टी ठरवताना पहिली ओळ गाऊन बघू नका, ती वरची ओळ गाऊन बघा. मिश्र घोळक्याला काळी पाच सहसा सोयीची पडते. शेवटचा ‘सा’ कोणाला लागला नाही तरी हरकत नाही, तो आतल्या आत विरला तरी शोभतो. वरचा ‘म’ फाटला तर मात्र सगळी शांतता गेली.

हे गीत पहिल्यांदा गायलं गेलं २४ डिसेंबर १८१८ रोजी, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये. शब्द योसेफ मोर यांचे, चाल फ्रान्झ ग्रूबर यांची, साथीला गिटार. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट रंगतदार आहे, पण तिला पुरावा नाही. महत्त्वाचा आहे तो ठेका. सहा मात्रांचा, थेट आपल्या दादऱ्याच्या अंगाने झुलणारा, कारण मुळात ही अंगाई आहे. भक्तिभाव म्हणजे संथपणा असं समजून लोक ती इतकी ताणतात की शब्दाच्या मधोमध श्वास तुटतो. तीन मात्रांचा एक झोका धरा. मिनिटाला ४० ते ४८ झोके पडले, तर २४ झोक्यांचं एक कडवं ३० ते ३६ सेकंदांत होतं आणि ओळ एका दमात निघते. पाळणाही साधारण त्याच गतीने हलतो.

श्वास कुठे घेतला यावर अर्थही बदलतो. ‘गॉड रेस्ट ये मेरी, जंटलमेन’मध्ये स्वल्पविराम ‘मेरी’नंतर आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘देव तुम्हाला आनंदात ठेवो’. ‘ये’नंतर दम घेतलात की आशीर्वाद उडाला आणि ‘आनंदी सद्गृहस्थहो’ एवढीच हाक उरली.

कॅरल या शब्दाच्या मुळाशी फेर धरून नाचणं आहे, त्यामुळे ते पाय न हलवता गायचं म्हणजे जरा अन्यायच. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात देवदूतांची स्तुती प्रथम ऐकली ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांनी, उघड्यावर. गंमत म्हणजे तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘गायले’ असं नाहीच. ‘स्तुती करत म्हणाले’ असं आहे. ऐकणारे मात्र तिथे बसून राहिले नाहीत, लगेच बेथलेहेमकडे निघाले.

दारोदार जाणार असाल तर आठ-दहा जण पुरेत. एका दारी दोन गाणी, फार तर तीन, आणि प्रत्येकाची दोनच कडवी. कागदावर अक्षर मोठं हवं, अंधारात मोबाइलच्या उजेडात सगळ्यांचे डोळे खाली जातात आणि आवाजही छातीत पडतो. गिटार उबेतून थंडीत नेली की सूर हलतो. बाहेर दहा मिनिटं राहू द्या आणि मगच तारा लावा. निघण्याआधी पाच मिनिटं ओठ मिटून गुणगुणा. तिसऱ्या दारी घसा बसतो तो बहुधा थंडीने नव्हे, चालता चालता मोठ्याने गप्पा मारल्याने. आणि गाणं संपल्या संपल्या ‘मेरी ख्रिसमस’ ओरडू नका, दोन श्वास थांबा. ऐकणारा तेवढ्यात काहीतरी मनात म्हणत असतो.

क्रमाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. २४ डिसेंबरपर्यंतचा आगमनकाळ वाट पाहण्याचा. तेव्हा ‘ओ कम, ओ कम, इमॅन्युएल’सारखी, उदास वळणाची गीतं गावीत. त्याचे शब्द १७ ते २३ डिसेंबरच्या सायंप्रार्थनांत म्हणायच्या जुन्या लॅटिन आळवण्यांवरून आले आहेत, दर दिवशी ख्रिस्ताचं एक नाव. जन्माची कॅरल महिनाभर आधीच गाऊन संपवली की २५ तारखेच्या रात्री घसाही थकलेला असतो आणि मनही. खरं तर नाताळचे बारा दिवस त्या दिवशी सुरू होतात आणि ५ जानेवारीपर्यंत चालतात. २८ किंवा ३० डिसेंबरला कोणाच्या दारी जाऊन गाऊन बघा. तोवर बाकीचे सगळे थांबलेले असतात आणि दार उघडणाऱ्याला तुमची अपेक्षाच नसते.