उकिडवं बसून पाहिलेलं शहर

आठवीत चित्रकलेच्या सरांनी ‘आपले शहर’ हा विषय दिला होता. वर्गातल्या सगळ्या कागदांवर तेच उतरलं: मागे इमारती, मधोमध रस्ता, कोपऱ्यात सूर्य. सर रागावले नाहीत. आम्हाला फाटकाबाहेर घेऊन गेले आणि मला म्हणाले, “उकिडवा बस. आता दिसतं ते काढ.”

बसलो, तर इमारती गायबच झाल्या! समोर गुडघे, पिशव्यांचे तळ, सायकलची साखळी. एका लहानग्याचा हात खांद्यापासून ताणलेला, मूठ मोठ्या माणसाच्या एका बोटाभोवती. क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते, हे मी तोंडपाठ केलं होतं. कळलं मात्र त्या दिवशी, पोटऱ्या भरून आल्यावर.

आज मी शहरांवर चित्रकथा करतो. मागे एक कथा चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्या बाईंच्या नजरेतून काढली. पाच चौकटी नुसता पदपथ, सहावीत तीन पायऱ्या. त्या पायऱ्यांची उंची मनासारखी जमेपर्यंत मी जमिनीवर बसून कितीतरी कच्ची चित्रं काढली.

छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या फ्रेंच दागेरने १८३८ साली पॅरिसमधल्या बुलवार द्यु ताँप्ल या रस्त्याचं उंचावरून घेतलेलं छायाचित्र मी विद्यार्थ्यांना हटकून दाखवतो. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात ओसाड दिसतो. प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत, त्यामुळे चालती माणसं, घोडागाड्या त्यात आल्याच नाहीत. ठळक उमटला तो एका जागी थांबून बूट पुसून घेणारा माणूस. त्या ओसाड रस्त्यावरून किती माणसं गेली असतील, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

हल्ली ड्रोनमुळे विहंगम दृश्य सोपं झालंय. मलाही ते आवडतं, पण नुसत्या त्यावर गोष्ट उभी राहत नाही असं माझं ठाम मत आहे. नादार हा फ्रेंच छायाचित्रकार १८५८ मध्ये बलूनमधून छायाचित्रं घ्यायला वर गेला आणि काही वर्षांतच विजेचे दिवे घेऊन पॅरिसच्या भुयारांत उतरला. वर गेलेल्याने खालीही उतरावं, हे मला त्याच्याकडून घ्यावंसं वाटतं.

आठवीतला तो कागद मी जपून ठेवलाय. सरांनी त्यावर गुण दिले नव्हते. खाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: “पुढच्या वेळी गच्चीवरून.”