एकवीसचं पात्र

गणपतीला भाचा आला तो कपड्यांच्या घडीत ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारं कार्ड, गुंडाळून घेऊन. आरटीएक्स ३०६०. त्याने स्वतःला नवीन घेतलं म्हणून हे मामाला. सोबत पॉवर सप्लायही, कारण १७० वॉटचं कार्ड तुझ्या त्या डब्यावर लावायचं नाही म्हणाला. माझा पीसी म्हणजे आय फाइव्ह ३४७० प्रोसेसर, २०१२ चं मॉडेल, चार कोअर, कुडाळच्या दमट हवेत अजून सुरू होतो हेच खूप. दुपारी जेवून सगळे आडवे झाले तेव्हा आम्ही दोघं कॅबिनेट उघडून बसलो, आत धूळ, गंजके स्क्रू आणि पालीची दोन अंडी.

गेम सुरू केला तर कोपऱ्यातल्या आकड्यांत प्रोसेसर शंभर टक्के आणि कार्ड आपलं पंचेचाळीसच्या आसपास घुटमळतंय, वर मध्येच झटके. भाचा म्हणाला, "मामा, कार्ड रिकामं बसलंय. प्रोसेसर वेळेत तयारीच करून देत नाही तर ते रंगवणार काय?"

मी हसायलाच लागलो. काकूने एका वर्षी मुंबईहून भलंमोठं मोदकपात्र आणलेलं, एका वेळी २१ बसतील असं, आणि घरात पारी करणारे हात दोनच, आजीचे. बोटं तेलपाण्यात बुडवायची, उकडीचा गोळा अंगठ्याने फिरवत फिरवत कडेला पातळ करायचा, मग एकेक कळी चिमटीत धरायची, घाई केली की पारी चिरलीच. खाली पाणी खळखळतंय, चाळणीत चार मोदक. काकू लाकडं सारायला लागली तशी आजी म्हणाली, "जाळ कित्याक वाढवतंस? पारी होवक येळ लागता." मग काय वाटलं कोण जाणे, उठून अळूवडीचे उंडे आणून उरलेल्या जागेत ठेवले. वाफ फुकट कशाला घालवायची!

भाच्याने नेमकं तेच केलं. टेक्श्चर म्हणजे भिंती-जमिनीवरचे बारकावे, अँटी-एलियासिंग म्हणजे कडा गुळगुळीत करणं, दोन्ही वर नेलं, तो भार कार्डावर, आणि गेममधल्या रस्त्यावरची गर्दी कमी केली कारण ती प्रोसेसर खाते. झटके कमी झाले आणि चित्र असं देखणं झालं की मी गोळ्या झाडायचं सोडून गेममधलं पाणीच बघत बसलो.

नवीन प्रोसेसर म्हणजे नवीन बोर्ड, आणि ही जुन्या पिढीची डीडीआर३ रॅमही बदला, म्हणजे अख्खा पीसीच की. त्यापेक्षा आय सेव्हन ३७७० त्याच सॉकेटात बसतो, आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळतो, जुन्या बाजारात मिळेल म्हणतो भाचा. बघू. एवढ्यात लाईट गेली.

पात्र माळ्यावर आहे. पारी आमच्यात कोणीच शिकलं नाही, ह्या वर्षीचे २१ बाजारातून आणले.