एका आकड्यात अडकलेलं रिव्हॉल्व्हर

वारसाहक्कानं आलेलं हत्यार नावावर करायचं असेल, तर अर्ज भरायच्या आधी एक काम करा. भिंग घेऊन हत्यारावरचा नंबर आणि लायसनच्या बुकातला नंबर समोरासमोर ठेवा आणि एकेक आकडा जुळवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कार्यालयात तर नाहीच नाही. तिथं अर्ज घेताना दहा वेळा आधार कार्ड मागतात, पण हत्याराच्या नंबराकडं कुणी बघत नाही. बघतात ते फाईल सगळी टेबलं फिरून आल्यावर.

आमचं हत्यार म्हणजे वेब्ली अँड स्कॉटचं .३२ बोअरचं, मधून मोडून उघडणारं, सिलिंडरमध्ये काडतुसांची सहा घरं असलेलं जुनं रिव्हॉल्व्हर. आजोबांनी निजामाच्या राज्यात घेतलेलं. सत्तरच्या दशकात ते आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर आलं आणि आण्णा गेल्यावर प्रश्न माझ्यासमोर आला. परवानाधारक गेला की परवानाही संपतो, मग कपाटात हत्यार ठेवणारा प्रत्येकजण गुन्ह्यात येतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते जवळच्या ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या डीलरकडं जमा करावं लागतं. मी डीलरकडं केलं. महिन्याचं भाडं जातं, पण तो तेल लावून ठेवतो. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत दोन पावसाळे काढलेलं हत्यार मी एकदा पाहिलंय, तेव्हापासून भाड्याबद्दल तक्रार नाही.

पुढचं सरळ होतं. ऑनलाइन फॉर्म ए-१, आई आणि बहिणींची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, मृत्यू दाखला, वारस दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. ठाण्यातून चौकशीला आलेले जमादार चहा पिऊन, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारून गेले. शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद स्पष्ट आहे, त्यामुळं पात्रतेवर कुणी हरकत घेतली नाही. मीही निर्धास्त होतो.

मग त्रुटीचं पत्र आलं. एका ओळीचं: 'परवान्यावरील शस्त्र क्रमांक व प्रत्यक्ष शस्त्रावरील क्रमांक यात तफावत.'

या ओळीचा अर्थ ज्याला कळत नाही तो सुखी. लायसनवरचं हत्यार वेगळं आणि डीलरकडं पडलेलं हत्यार वेगळं, असा तो अर्थ. म्हणजे लायसनवरचं गेलं कुठं, आणि जे आहे ते आलं कुठून? जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेतल्या अव्वल कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, "तुमच्या वडिलांनी हत्यार बदलू बिदलू तर नाही ना टाकलं?" ज्या माणसानं उभ्या हयातीत सायकल बदलली नाही, त्याच्याबद्दल हा प्रश्न. रागानं कानशिलं तापली, पण त्या टेबलासमोर रागाचा उपयोग नसतो.

तफावत होती फक्त एका आकड्याची. बुकात दुसऱ्या जागी शून्य, रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर पाच. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण प्रत्येकानं बुकावरूनच उतरवून घेतलं. निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा व्हायचं, पावतीवर नंबर पडायचा तो बुकातला. नूतनीकरणालाही तेच. डीलरची जमा पावतीसुद्धा तशीच. माझ्या अर्जाच्या वेळी ठाण्यातला एक तरुण शिपाई पहिल्यांदाच खरा नंबर वाचून आला आणि प्रामाणिकपणे अहवालात लिहून मोकळा झाला. त्याच्यावर मी चिडलोही होतो. आता नाही.

पुढचे कित्येक महिने फाईल ज्या पद्धतीनं फिरली ते लिहायलाही कंटाळा येतो. जिल्हाधिकारी कार्यालय म्हणे पोलिसांनी खात्री करावी. पोलीस म्हणत मूळ नोंदवही तुमच्याकडं, ती दाखवा. मूळ नोंदवही अभिलेख कक्षात. तिथला माणूस म्हणाला, "जुने बस्ते समदे उर्दूत हायत, वाचणारं कोणी ऱ्हायलं नाही. तुम्हीच बघा." बघू दिलं मात्र नाही, कारण त्यासाठी वेगळा अर्ज. तो अर्ज दिला, तर आवक शिक्का मारणारी बाई रजेवर. ती आली तेव्हा साहेबांची बदली झालेली. नवे साहेब आल्यावर टिपणी पुन्हा पहिल्यापासून. "तुमची फाईल वरच हाय, करू लालेत," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शिपाई तोंड उघडायच्या आत मीच ते म्हणायचो.

गाठ सुटली ती घरातल्या पत्र्याच्या पेटीत. आजोबांचं मूळ लायसन सेतवार आणि खासऱ्याच्या, म्हणजे जमिनीच्या जुन्या कागदांत गुंडाळलेलं सापडलं. उर्दूत, हैदराबाद सरकारचा शिक्का, साल फसली १३५४, म्हणजे १९४४-४५. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. गल्लीतल्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांकडं घेऊन गेलो. त्यांनी क्षणात नंबर वाचला आणि त्यात दुसऱ्या जागी पाच होता. उर्दूत पाच हा आकडा गोल काढतात आणि शून्य म्हणजे नुसता टिंब. सत्तरच्या दशकात मराठी बुक लिहिताना कारकुनानं तो गोल शून्य म्हणून उतरवला आणि पुढची पन्नासेक वर्षं सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या.

मराठवाड्यातल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं. १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचा कुठलाही कागद असेल, लायसन असो की जमिनीचा, त्यातले आकडे उर्दू जाणणाऱ्याकडून स्वतः वाचून घ्या. नंतरच्या मराठी नकलेवर विसंबू नका.

पण सापडणं वेगळं आणि मान्य होणं वेगळं. मास्तरांनी फुकट वाचून दिलेलं कार्यालयाला चालत नाही. प्रमाणित भाषांतर लागलं. त्याला जोडून पोलीस मुख्यालयातल्या आर्मररचा, म्हणजे हत्यारं तपासणाऱ्या जाणकाराचा दाखला लागला, की नंबर मूळचा आहे आणि घासून पुन्हा ठोकलेला नाही. हा आर्मरर सगळ्या प्रवासात भेटलेला एकमेव माणूस ज्याला आपलं काम येत होतं. त्यानं सांगाड्यावरचा नंबर पाहिला, सिलिंडरवरचा पाहिला, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला, नळीवरचे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के तपासले आणि तासाभरात दाखला लिहून दिला. त्या ठशाच्या दोन जास्तीच्या प्रती मी मागून घेतल्या. तुम्हीही घ्या, अगदी पहिल्या दिवशीच.

मग दुरुस्ती झाली, पोर्टलवर युआयएन, म्हणजे परवान्याचा ओळख क्रमांक पडला आणि पाच वर्षांचं लायसन हातात आलं. आधी ही मुदत तीन वर्षांची होती, २०१९ च्या दुरुस्तीनं पाच झाली. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला दोनच हत्यारांची मर्यादा आणली आणि ती वारसाच्या हत्यारालाही लागू आहे. तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर भावाबहिणींपैकी दुसऱ्याच्या नावानं अर्ज करा. आणखी एक, जे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं: वडील सत्तरीचे झाले असतील किंवा हत्यार त्यांच्याकडं पंचवीस वर्षं असेल, तर ते हयातीतच वारसाच्या नावे देता येतं. आण्णा असते तर त्या कारकुनाच्या प्रश्नाला त्यांनी स्वतः उत्तर दिलं असतं, आणि ते मला ऐकायला आवडलं असतं.

हत्यार घरी आलं तरी लगेच चालवू नका. आण्णांच्या कपाटातली हिरवट पडलेली काडतुसं मी डीलरच्या हवाली केली. नळीवर मुकुटाच्या चिन्हाखाली एन.पी. अक्षरं आहेत का ते बघा. १९०४ पासून बर्मिंगहॅमला बिनधुराच्या दारूची चाचणी झालेल्या हत्यारावर तो शिक्का मारू लागले. तो नसेल तर आजची काडतुसं त्यात घालण्यात शहाणपण नाही. आमच्यावर आहे.

क्लबच्या रेंजवर खडकीच्या कारखान्याची, बुडावर के.एफ. लिहिलेली शिशाच्या गोळीची काडतुसं चालवली, तर कागदावर भोकं कुठंही. तिथल्या एका जुन्या नेमबाजानं कारण सांगितलं. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरच्या प्रत्येक घराचं तोंड आणि नळीचं माप यांचा मेळ बसतोच असं नाही. तोंड अरुंद असेल तर शिशाची गोळी तिथंच बारीक होते, मग नळीत सैल जाते, बाजूनं गरम वायू निसटतो आणि शिसं नळीला चिकटतं. बाहेरच्या देशांत शौकीन लोक आपल्या नळीच्या मापाची गोळी घरी ओततात आणि काडतूस स्वतः भरतात. आपल्याकडं तो विचार मनातही आणू नका. काडतूस तयार करणं कलम ५ खाली येतं, त्याला वेगळा परवाना लागतो, आणि एका आकड्यासाठी जे भोगलं ते बघता मला त्या शाखेची पायरी पुन्हा चढायची नाही.

कायद्यात राहून जे करता आलं ते असं. बंदूक दुरुस्तीवाल्याकडून नळीतलं शिसं पितळी ब्रशनं पूर्ण काढून घेतलं. मग सहा घरांना रंगाच्या ठिपक्यांनी खुणा केल्या आणि १५ मीटरवर, हात वाळूच्या पिशवीवर टेकवून, घोडा आधी मागं ओढून, प्रत्येक घराची काडतुसं वेगवेगळ्या कागदावर मारली. पाच घरांची भोकं हाताच्या पंज्यात मावली. चौथ्याची सगळी डावीकडं, कारण त्या घराची खाच झिजलेली आहे, सिलिंडर नळीसमोर नीट थांबत नाही आणि गोळी कडेला खरवडून जाते.

आता मी चौथं घर रिकामं ठेवून पाचच भरतो. रिकामी काडतुसं मोजून परत आणतो. पुढच्या खरेदीला दुकानदार हिशेब विचारतो, आणि तो पोरगा आहे चोख, नंबर बुकातून न घेता हत्यार बघूनच लिहितो.